मुंगसाने गाडीच्या पिना बदलल्या

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि ते तिथंच राहिलं. बाकी सारं जग त्याला मुंगूस म्हणायचं. मुकादम म्हणायचा, कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, इतकंच काय, त्याची सासूसुद्धा दारातून लेकीला हाक मारायची, "अगं, मुंगूसराव आले गं!" आणि हे अगदी मायेनं, बरं का. टोमणा मारायचा असला की ती त्याला जावईबापू म्हणायची.

नाव पडलं ते धंद्यावरून. मोठमोठ्या इमारतींच्या जमिनीखालून विजेच्या वायरी न्यायला विटांचे अरुंद बोगदे बांधलेले असतात. सव्वा हात रुंद, जेमतेम हातभर उंच. वायर बदलायची तर कुणीतरी एका तोंडातून आत शिरायचं, कमरेला दोरी बांधून पोटावर सरपटत जायचं आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर यायचं. मग त्या दोरीला वायर बांधून ओढून घ्यायची. मुकादम, लांब्या आणि मुंगूस अशी तिघांची ही टोळी. मुकादमाचं पोट मोठं, लांब्याचे पाय मोठे. मुंगूस मात्र असा की त्याला घडवताना देवाला माती कमी पडली असावी. खांदे अरुंद, कंबर मुठीत मावेल अशी. एकोणतीस वर्षं हाच माणूस आत जायचा आणि हे दोघं वर बसून दोरी सोडायचे.

त्याच्या आत जाण्याचे किस्से तर विचारूच नका. एकदा एका नाटकगृहाखाली तो वळण चुकला आणि भलतंच झाकण डोक्यानं ढकलून वर आला, तो थेट रंगमंचाच्या मधोमध. वर तालीम चाललेली. राजाच्या वेशातला नट दचकला, पण पट्टीचा गडी, भूमिका काही सोडली नाही. तलवार रोखून म्हणाला, "कोण आहेस तू?" मुंगूस कोळिष्टकं झटकत म्हणाला, "वायरमन, महाराज. दिवे कुठल्या बाजूला?" ही गोष्ट मुकादमानं इतक्यांदा सांगितली की शेवटी शेवटी तीत घोडासुद्धा आला.

पण लोक सर्वांत जास्त हसायचे ते साबणाच्या कारखान्याच्या किश्श्याला. मुंगूस आत गेला आणि दीड तास बाहेरच आला नाही. वर हे दोघं चहा पिऊन, गप्पा मारून थकले. शेवटी दुसऱ्या तोंडातून साहेब प्रकट झाले, स्वेटर फाटलेला, डोळे तांबारलेले. मुकादमानं विचारलं, "काय रे लेका, झोपला होतास की काय?" मुंगूस म्हणाला, "हो." झालं! मुंगूस बोगद्यात डुलकी काढतो, त्याला जमिनीखालीच गाढ झोप लागते, ही कीर्ती सगळ्या वायरमन लोकांत पसरली. नवीन माणूस भेटला की आधी हेच विचारायचा, "उशी नेता का हो आत?"

खरं काय झालं होतं ते फक्त मुंगसालाच ठाऊक. त्या बोगद्यात एके ठिकाणी विटा फुगून आत आल्या होत्या. तिथं त्याचा स्वेटर मागे अडकला आणि गुंडाळत गुंडाळत डोक्यावर आला. हात पुढे, ते मागे घेता येईनात. तोंडावर लोकर. श्वास घेतला की लोकर तोंडात. तो ओरडला, तर आवाज त्याच्याच कानात बसला. आणि वरून, अगदी डोक्यावरून, लांब्याच्या हसण्याचा आवाज येत होता. दीड तास. शेवटी शिवण उसवली म्हणून तो सुटला, नाहीतर काय झालं असतं ते तो मनातसुद्धा पुरतं बोलत नसे.

तेव्हापासून त्याला डोक्यावरून घालायचा कपडा चालेना. झोपायच्या खोलीचं दार उघडं लागे. बायकोनं एक शब्द विचारला नाही. फाटका स्वेटर तिनं उसवला आणि त्याच लोकरीचा पुढून बटणांचा विणून दिला. "हा बरा आहे, घालायला सोपा," एवढंच म्हणाली. आणि मुंगसानं मनाशी एकच गाठ बांधली: पुन्हा आत जायचं नाही. पण हे सांगायचं कुणाला? मुंगसानं बिळाला घाबरायचं म्हणजे काय! शिवाय आत न जाणारा मुंगूस टोळीला हवा कशाला? ना त्याला मुकादमासारखं गिऱ्हाइकाशी बोलता येई, ना लांब्यासारखं शिडीवर चढता येई.

महिनाभर त्यानं सर्दी, पाठदुखी, दाढ असं काय काय पुढे करून वेळ मारून नेली. मग एके दिवशी बागेत त्याला एक निवृत्त पोस्टमन दिसला. म्हातारा बाकावर ऐसपैस बसला होता, हातात रिमोट, आणि समोर चार फुगीर चाकांची वीत-दीड वीत लांब गाडी पाण्याच्या मोठ्या पाइपातून इकडून तिकडे पळवत होता. मुंगूस जागीच थबकला. गाडी पाइपातून बाहेर आली तसा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडीला दोरी बांधली तर?

तशी गाडी त्यानं आणली. पुढे एक छोटा दिवा लावला, मागे दोरी अडकवायला खुंटी बसवली. मुकादमाला म्हणाला, "यानं वेळ वाचतो." मुकादम आधी हसला. "मुंगसानं पिल्लू घातलं का रे?" पण काम खरंच लवकर होऊ लागलं, तसा गप्प बसला. अडीच वर्षं मुंगूस बोगद्याच्या तोंडाशी पालथा पडून गाडीचा दिवा दूर जाताना बघायचा आणि दुसरीकडून लांब्याची "आली!" अशी हाक आली की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

आता गाडीचं दुखणं सांगतो. प्रत्येक चाक एका आडव्या प्लॅस्टिकच्या दांड्याला असतं. त्याला आर्म म्हणतात. खड्डा आला की हा आर्म खालीवर होतो, दाराची झडप हलावी तसा. आणि दार जसं बिजागरीच्या खिळ्यावर फिरतं, तसा आर्म एका पिनेवर फिरतो. आगकाडीहून जराशी जाड, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. बस्स, एवढ्याशा पिनेवर सगळा डोलारा. गाडी खेळायला केलेली, आणि ही ओढत होती पन्नास पन्नास पावलं दोरी, विटांच्या ठेचा खात. पिना वाकायच्या. वाकल्या की चाक तिरकं, आणि गाडी पाय मुरगळलेल्या माणसासारखी लंगडत यायची. पण यायची.

एकदा एका शाळेखाली ती इतकी रखडली की मुकादम कंटाळून म्हणाला, "सोड रे तिला, तूच जा की. पाच मिनिटांचं काम." मुंगसाच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात पलीकडून "आली!" ऐकू आलं म्हणून निभावलं. पण त्या दिवशी घरी जाताना तो वाट वाकडी करून खेळण्यातल्या गाड्यांच्या दुकानात गेला.

दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावणारा, मोजकं बोलणारा माणूस. मुंगसानं वाकलेली पीन काचेच्या काउंटरवर ठेवून बोटानं लोळवली. ती सरळ लोळेना, वेलांट्या घेत गेली.

"काका, यापेक्षा कडक द्या. सर्वांत कडक. जी वाकणारच नाही."

दुकानदारानं खणातून एक पुडी काढली. काळपट, चकचकीत पिना. "ही घ्या. पाणी दिलेलं पोलाद. हातोडीनंही वाकायची नाही." मग पुडी हातात देता देता थांबला. "पण एक सांगू का? पीन वाकते ना, म्हणून बाकीचं वाचतं. ही वाकणार नाही. मग धक्का कुणीतरी दुसरं खाणार."

"दुसरं कोण?"

"ते धक्का बसल्यावर कळतं."

मुंगसानं ते ऐकलं, पण कानाआड केलं. त्याला न वाकणारी पीन हवी होती, ती मिळाली होती.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर त्यानं टेबल पुसून गाडी उलटी ठेवली. पिनेच्या टोकाला बारीक खाच असते, तीत मसुराच्या दाण्याएवढी क्लिप अडकवलेली असते. चिमट्यानं ती काढायला गेला तर टणकन उडाली आणि कुठे गेली ते देवाला माहीत. बायको भांडी आवरून आली तेव्हा नवरा टेबलाखाली चार पायांवर.

"काय शोधताय?"

"क्लिप. हलू नकोस! पायाखाली येईल."

"मग मी काय उडत उडत स्वयंपाकघरात जाऊ?"

क्लिप सापडली ती तिच्याच केसांत. दुसरी उडाली तशी ती उठली, कपाटातून एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि म्हणाली, "गाडी हिच्यात घाला, हातही हिच्यात घाला, आणि काय उडवायचं ते उडवा." तेव्हापासून एकही क्लिप हरवली नाही. बत्तीस वर्षं हत्यारं वापरणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं, याचं तिला फार समाधान वाटलं. ते तिनं लपवलंही नाही.

नव्या पिना जरा घट्ट होत्या. त्यानं बारीक पॉलिश पेपर बोटांत धरून प्रत्येक पीन फिरवून फिरवून घासली, आर्मचं भोक ड्रिलच्या बिटानं हातानंच साफ केलं, पुन्हा घातली, पुन्हा काढली. आर्म वर उचलून सोडला की आपल्या वजनानं अलगद खाली आला पाहिजे, ही खूण. चौथा आर्म तसा पडला तेव्हा ऊन भिंतीवरून सरकून दारापर्यंत गेलं होतं. त्यानं चारही चाकं दाबून बघितली. गाडी लोण्यासारखी दबत होती आणि वर येत होती.

"आता ही कधीच अडकायची नाही," तो म्हणाला.

बायको विणत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आणि अडकली तर?"

"नाही अडकणार म्हटलं ना!"

तो इतक्या जोरात बोलला की तिनं सुया खाली ठेवल्या. मग पुन्हा उचलल्या.

बुधवारी काम निघालं ते शहरातल्या ग्रंथालयाचं. वाचनाच्या लांबलचक दालनात नवे दिवे लावायचे होते, आणि खालून पन्नास पावलं वायर न्यायची होती. दालनाची जमीन जुन्या लाकडी फळ्यांची, आरशासारखी घासलेली. ग्रंथपालबाईंचा त्या फळ्यांवर असा जीव की त्यांनी तिथल्या खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे घातले होते. खरोखरचे मोजे, प्रत्येक खुर्चीला चार. आणि दालनात आवाज वर्ज्य. बाई स्वतः इतकं हळू बोलायच्या की ऐकणारा आपोआप श्वास रोखून धरायचा.

"फळी हलता कामा नये," त्यांनी मुकादमाला बजावलं.

मुकादमानं छातीवर हात ठेवला. "फळी? बाई, तुमची धूळसुद्धा हलणार नाही. आमच्याकडे मुंगूस आहे."

"इथे प्राणी आणायला परवानगी नाही," बाई कुजबुजल्या.

ती समजूत काढण्यात पाच मिनिटं गेली.

बोगद्याचं एक तोंड दालनाच्या टोकाच्या अडगळीत होतं, दुसरं पलीकडे जिन्याखाली. लांब्या जिन्याकडे गेला. मुंगसानं झाकण उचललं, पालथा पडला आणि गाडी आत सोडली. पिना नव्या, तशी गाडी काय पळाली! एरवी जिथं अडखळायची तिथं उडी मारून गेली. वीस पावलांवर वळण होतं. ते तिनं घेतलं, दिवा दिसेनासा झाला, नुसता विटांवर उजेड उरला. मुंगूस बोटांमधून दोरी सोडत होता आणि चक्क गाणं गुणगुणत होता. तेवढ्यात आतून आवाज आला, टक्! काडी मोडावी तसा.

दोरी थांबली. त्यानं रिमोट दाबला. मोटर घरघरली, दोरी हलली नाही.

"काय झालं?" मुकादम कुजबुजला.

"काही नाही. खडा असेल."

त्यानं गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. उजेड विटांवर डोलला आणि तिरका होऊन थांबला. काय झालं असावं ते त्याच्या बोटांना आधी कळलं. पुढच्या चाकाला ठेच लागली होती. पीन वाकली नव्हती. पीन शाबूत होती. पण ती जिथं रोवलेली, तो प्लॅस्टिकचा ठोकळाच फुटला होता. आता आर्म लोंबला होता, चाक आडवं पडलं होतं, आणि गाडी बोगद्यात पाचरीसारखी बसली होती.

"दोरी धरून मागे ओढ," मुकादम म्हणाला.

ओढली. आडवं चाक विटांना आणखी रुतलं. मुकादमानंही हात लावला. दोघांनी दम लावून ओढली, आणि दोरी अशी सुटली की दोघं एकमेकांच्या अंगावर. दोरीच्या टोकाला खुंटी होती. गाडी नव्हती.

मग त्यांनी सगळे उपाय केले. लवचीक सळई आत घातली, ती वळणाशी जाऊन टेकली, पुढे जाईना. लांब्याच्या बाजूनं घातली, ती पोचली. पण नुसती ढकलता येत होती आणि ढकललं की गाडी जास्तच घट्ट बसत होती. लांब्याला युक्ती सुचली. त्यानं सळईच्या टोकाला चुंबक बांधलं. त्याच्या बाजूला बोगद्यातून एक लोखंडी पाण्याचा नळ आडवा गेला होता. चुंबक त्या नळाला असं चिकटलं की लांब्या दोन्ही पाय भिंतीला लावून ओढतोय तरी सुटेना. आणि हे सगळं कुजबुजत, बरं का! "जोर लाव!" कुजबुजून. "अरे गाढवा, उलट्या बाजूला!" तेही कुजबुजून. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. एक आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवून चांगले सरसावून बसले.

नळामुळे पलीकडून माणूस जाऊ शकत नव्हता. अलीकडून जाऊ शकत होता.

मुकादमानं घाम पुसला आणि हसून मुंगसाच्या पाठीवर थाप मारली. "चला. शेवटी पिल्लाच्या मदतीला आईच हवी. जा, आण तिला, आणि जाता जाता दोरीही घेऊन जा. फक्त झोपू नकोस."

मुंगसानं बूट काढले. हळूहळू काढले. नाड्या बुटांत नीट कोंबून ठेवल्या. कमरेला दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. स्वेटरची बटणं सोडून तो घडी करून ठेवला. मग पालथा झाला, हात पुढे केले आणि डोकं आत घातलं.

आत तोच वास. ओल्या विटांचा, बंद मातीचा. छातीपर्यंत गेला. कमरेपर्यंत गेला. लांब, वळणापलीकडे, गाडीचा उजेड विटांवर होता. त्याच्याकडे बघत राहायचं, त्यानं ठरवलं. पण हात पुढे सरकेनात. त्यानं हातांना सांगून पाहिलं. हात जणू दुसऱ्या कुणाचे. तोंडात काही नव्हतं, तरी लोकरीची चव आली.

तो मागे सरकला तो असा की मुकादमाच्या नडगीवर टाच बसली.

"काय रे?"

"पोट सुटलंय माझं. मावत नाही."

मुकादमानं त्याच्याकडे बघितलं, खिशातून टेप काढली आणि शांतपणे बोगद्याची रुंदी मोजली. मग मुंगसाच्या खांद्यांची मोजली. टेप त्याच्या डोळ्यांसमोर धरली. चार बोटं जागा उरत होती. "मावतोस," मुकादम म्हणाला. "दोघं मावाल."

मुंगूस पुन्हा आत गेला. या वेळी खांद्यांपर्यंतच.

बाहेर आला तेव्हा तोंड पांढरंफटक. जिन्याकडून लांब्याही येऊन उभा राहिला होता. दारात ग्रंथपालबाई. मुकादमाचं हसू आता उतरलं होतं.

"अरे, झालंय काय तुला?"

मुंगूस काहीतरी बोलला.

"काय?"

तो पुन्हा बोलला.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल की!"

"इथे मोठ्यानं बोलायचं नाही," मुंगूस म्हणाला, आणि मग आवाज फुटलाच, "भीती वाटते! मला भीती वाटते, मुकादम! मी नाही जाऊ शकत!"

त्या दालनात गेल्या कित्येक वर्षांत कुणी एवढ्या मोठ्यानं बोललं नसेल. पानं उलटायची थांबली. आजोबांनी चष्मा काढला.

"तू?" लांब्या म्हणाला. "अरे, तू तर आत झोपतोस!"

"झोपलो नव्हतो रे. अडकलो होतो. दीड तास. तुम्ही वर हसत होतात. मला ऐकू येत होतं."

लांब्या हसायला म्हणून तोंड उघडून उभा होता. ते तसंच राहिलं. काय करावं ते त्याला समजेना, म्हणून त्यानं हातातली सळई भिंतीला टेकवली, ती घसरली, पुन्हा टेकवली. मुकादम टेप गुंडाळत होता. गुंडाळून झाली तरी गुंडाळत होता.

"मग सांगायचं नाही का लेका?" शेवटी तो म्हणाला.

"सांगून काय केलं असतंत?"

मुकादमानं टेप खिशात टाकली.

ग्रंथपालबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा त्यांच्या फळ्यांसारखाच स्वच्छ, त्यावर काही दिसत नव्हतं. "म्हणजे फळी काढावी लागणार," त्या कुजबुजल्या. मुकादमानं मान खाली घातली. "कुठली?" त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते मुंगसाला. "एकच काढेन. जास्तीत जास्त दोन. नेमकी कुठली ते तुम्ही सांगा."

मुंगसानं रिमोट उचलला. बोगद्याच्या रेषेवर तो वळणापर्यंत चालत गेला, मग गुडघ्यांवर बसून कान फळीला लावला आणि बटण दाबलं. खालून घरघर आली, बारीक, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी. तो सरकला, पुन्हा दाबलं. लांब्या त्याच्या शेजारी कान लावून पडला. मुकादम पोट सांभाळत पडला. बाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग पदर खोचून त्याही गुडघ्यांवर आल्या. आजोबांना वाकता येईना, त्यांनी काठीचं टोक जमिनीला टेकवून मूठ कानाला लावली.

"इथे," आजोबा म्हणाले.

"नाही, इथे," बाई म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या.

बाईंचं बरोबर होतं. सुतार आला, त्यानं खिळे एकेक करून काढले, न मोडता ओळीनं कागदावर मांडले, आणि एक फळी उचलली.

सगळे भोवती जमले. खाली जुन्या विटांचा पाट होता, हातभर खोल, वर नुसतं फळ्यांचंच झाकण. वरून दालनाचा उजेड पडला होता. मधोमध गाडी कलंडलेली, दिवा अजून चालू. एक चाक आडवं, आणि फुटलेल्या ठोकळ्यातून नवी काळपट पीन बाहेर आलेली, जशी घासून घातली तशीच सरळ, तशीच चकचकीत.

"एवढंच होतं होय," सुतार म्हणाला. त्याला मागचं काही माहीत नव्हतं.

"घे रे तुझी गाडी," मुकादम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मऊपणा होता, आणि मुंगसाला तोच जास्त लागला.

मुंगूस फळीच्या कडेला गुडघे टेकून बसला. त्यानं हात पुढे केला. हात फळीच्या पातळीपर्यंत गेला आणि तिथं थांबला. वर छत होतं, इतकं उंच की मान मोडावी. चारी बाजूंनी खिडक्या होत्या, माणसं होती. गाडी कोपरभर खाली होती. त्यानं दुसरा हात करून पाहिला. तोही तिथंच थांबला.

बाई खिळे मोजू लागल्या. मुकादम दिवे कुठे लावायचे ते छताकडे बघून ठरवू लागला. आजोबांनी वर्तमानपत्र उचललं, पण ते उलटं होतं.

लांब्या खाली वाकला. त्याच्यासारख्या उंच माणसाला इतकं खाली वाकणं म्हणजे घडी घालण्यासारखंच. त्यानं गाडी अलगद उचलली, दिवा बंद केला आणि मुंगसाच्या मांडीवर ठेवली. मग दोन्ही बाजूंनी सळया घालून, वळणाशी टेकलेली वरून हात घालून वळवून घेत, दोरी त्या उघड्या जागेपाशी आणली, गाठ मारली, वायर ओढली. तासाभरात काम झालं. त्या तासात मुंगसाला कुणी काही सांगितलं नाही. पाना दे म्हणून नाही, बाजूला हो म्हणूनही नाही. तो मोजे घातलेल्या एका खुर्चीवर गाडी मांडीवर घेऊन बसून राहिला.

हत्यारं भरून झाल्यावर मुकादम त्याच्यापाशी आला. स्वेटर त्याच्या हातात दिला.

"उद्या सुट्टी घे."

"आणि परवा?" मुंगसानं विचारलं.

मुकादमानं लांब्याकडे बघितलं. लांब्या सळई खांद्यावर घेऊन दारातून तिरका होत बाहेर पडत होता.

"परवाचं परवा बघू," मुकादम म्हणाला, आणि पेटी उचलून तोही निघाला.

मुंगूस उठला. स्वेटर अंगात घातला. बटणं लावायला लागला. वरचं बटण तिसऱ्या खेपेला लागलं, खालची त्यानं तशीच सोडली.